गुढीपाडव्यापासून मागे मोजत या: स्वप्नाचा आराखडा पहिल्यांदा करताना

आमची द्राक्षबाग नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात. एप्रिलचं ऊन डोक्यावर घेऊन नाना खरड छाटणी करून घ्यायचे. दोन दिवसांत सगळी बाग उघडी पडायची, वेलीवर खोड आणि ओलांडे, म्हणजे आडवे फाटे, तेवढे उरायचे. नुकताच हंगाम संपलेला, मजुरी आणि औषधांची उधारी जेमतेम चुकती झालेली, आणि नाना पुन्हा खतं, पाणी, फवारणी यांच्या मागे. लहानपणी एकदा मी विचारलं, द्राक्षं तर पुढच्या वर्षी येणार, मग आत्तापासून एवढा खर्च कशाला? ते म्हणाले, "पोरी, माल आत्ताच ठरतो. फेब्रुवारी-मार्चात तो नुसता तोडायचा असतो."

हे शब्दशः खरं आहे हे नंतर कळलं. एप्रिलच्या या खरड छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांत नव्या काडीच्या डोळ्यात घड तयार व्हायला लागतो. बाहेरून काहीच दिसत नाही. ऑक्टोबरची छाटणी झाली की तोच घड बाहेर पडतो आणि जातीप्रमाणे चार महिन्यांच्या आसपास काढणीला येतो. म्हणून बागायतदार आधी माल कधी बाजारात न्यायचा ते ठरवतो आणि तिथून मागे मोजत छाटणीच्या तारखेवर येतो. सटाण्याकडचे शेतकरी अर्ली, म्हणजे हंगामाआधी येणाऱ्या मालासाठी पावसाळ्यातच छाटणी घेतात. पावसाची जोखीम मोठी, पण भावही तसाच. तेही ठरवून घेतलेलं असतं.

हे सगळं डोळ्यांसमोर वाढूनही स्वतःच्या शिक्षणाच्या बाबतीत मी अकरा वर्षं "यंदा डिग्री पूर्ण करायचीच" एवढंच म्हणत राहिले. दुसऱ्या वर्षाला असताना लग्न झालं, मग मुलगी, मग नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत अकाउंट्सची नोकरी. एका वर्षी तर प्रवेशाची मुदत संपल्यावर चौकशी केली. ज्या वर्षी परीक्षेच्या महिन्यापासून मागे मोजत आजच्या तारखेपर्यंत आले, त्याच वर्षी प्रवेश झाला, आणि 37 व्या वर्षी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी हातात आली. हे विद्यापीठ 1989 सालापासून आपल्याच नाशकात आहे. घरापासून बसने जाता येईल एवढ्या अंतरावर, आणि मी अकरा वर्षं दारावरून गेले.

आता रविवारी सकाळी ओळखीतल्या दोघी-तिघी, कधी त्यांची मुलं, वही घेऊन आमच्याकडे येतात. पहिल्यांदाच आराखडा करणाऱ्यांना कुठे अडतं ते त्यांच्यासोबत बसून कळत गेलं. ते पायरीपायरीने सांगते.

पहिली पायरी: स्वप्न एका वाक्यात, आकडा आणि तारीख घालून

एक साधी दोनशेपानी वही घ्या. मोबाइलमध्ये नको, सुरुवातीला तरी. पहिल्या पानावर स्वप्न जसं मनात आहे तसंच लिहा: "स्वतःचा व्यवसाय", "एमपीएससी", "आईला स्वतःचं घर". मग त्याखाली तेच वाक्य पुन्हा लिहा, पण त्यात किती, कोणासाठी आणि कधीपर्यंत या तिन्हींची उत्तरं आली पाहिजेत.

आमच्या गल्लीतल्या एक ताई जूनमध्ये आल्या तेव्हा त्यांच्या वहीत होतं, "पोळी-भाजीचा व्यवसाय मोठा करायचा." तासाभराने वाक्य झालं: "संक्रांतीपर्यंत अंबड एमआयडीसीतल्या कामगारांना रोज 60 डबे, दुपारी साडेबाराच्या आत." दुसरं वाक्य वाचल्याबरोबर त्या म्हणाल्या, "अहो, मग मला पातेली कमी पडतील." वाक्य नीट झालंय याची माझ्याकडे हीच खूण आहे: वाचताक्षणी पुढची अडचण दिसायला लागते.

तारीख सणावर ठेवा. आपल्याकडे "तिसऱ्या तिमाहीच्या अखेरीस" कोणाच्या लक्षात राहत नाही, "दसऱ्याला" म्हटलं की घरातल्या सगळ्यांच्या लक्षात राहतं.

दुसरी पायरी: हे कशासाठी, त्याचा हिशोब

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मला सगळ्यात मोलाची हीच वाटते. ताईंना विचारलं, 60 च का? त्या गप्प. कोणीतरी सांगितलं होतं की 60 डब्यांशिवाय परवडत नाही. मग आम्ही हिशोब मांडला. डबा 80 रुपयांना. किराणा, भाजी, गॅस मिळून 45. पोचवणं आणि पॅकिंग 10. हातात उरतात 25. महिन्याचे कामाचे दिवस 26. ताईंना खरी चिंता होती घराच्या हप्त्याची, महिना 14,000. आता भागाकार करा: 14,000 भागिले 26, म्हणजे दिवसाला साधारण 540 रुपये. ते 25 ने भागले तर 22 डबे.

22! ताई कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत होत्या. ज्या गोष्टीने त्यांची झोप उडाली होती ती 22 डब्यांवर सुटत होती. 60 चं स्वप्न आम्ही पुसलं नाही, पण 22 च्या भोवती लाल गोल केला. तुमच्याही स्वप्नात असा एक लहान आकडा दडलेला असतो, ज्यावर तुमची मुख्य गरज भागते. तो आधी शोधा. तो गाठला की पुढचा प्रवास भीतीशिवाय होतो.

व्यवसाय नसेल तरी हेच करा. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींना मी विचारते, तुम्हाला नेमकं हेच पद हवंय की स्थिर सरकारी पगार हवाय? उत्तर दुसरं असेल तर परीक्षांची यादी बरीच लांबते आणि छातीवरचा दगड हलका होतो.

तिसरी पायरी: विरळणी

एका काडीवर दोन-तीन घड लागले की नाना एक चांगला ठेवून बाकीचे काढून टाकायचे. हिरवेगार घड मातीत पडलेले बघून मी लहानपणी रडले आहे. पण सगळे ठेवले तर एकही मणी धड फुगत नाही, हे शेतकऱ्याच्या घरात कोणाला सांगावं लागत नाही.

वहीच्या दुसऱ्या पानावर तुमची सगळी स्वप्नं लिहा. इंग्रजी बोलणं, वजन, गाडी, ब्युटी पार्लरचा कोर्स, सगळं. या वर्षी एकच ठेवा. बाकीच्यांपुढे "पुढच्या पाडव्याला बघू" असं लिहून तारीख घाला. हे लिहिलेलं असलं की मन शांत राहतं, काही कायमचं सोडलंय असं वाटत नाही.

चौथी पायरी: शेवटापासून मागे या

नव्या पानावर उभी रेघ मारा. सगळ्यात खाली शेवटची तारीख आणि आकडा. आता वर सरका आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारा: हे त्या दिवशी खरं असायचं तर त्याच्या आधी काय झालेलं असलं पाहिजे?

ताईंच्या पानावर हे असं उतरलं. संक्रांतीला 60. त्याआधी, दिवाळीची सुट्टी संपून कंपन्या सुरू झाल्या की 40. दसऱ्याला 22. गणपतीत 10. आणि आषाढीपर्यंत, म्हणजे तेव्हापासून तीन-चार आठवड्यांत, ओळखीच्या चौघांना आठ दिवस डबा देऊन मीठ-तिखट, वेळ आणि डब्याची गळती तपासायची. मग प्रत्येक टप्प्यासमोर काय लागेल ते लिहिलं: 10 ला दोन मोठे कुकर, 22 ला मदतीला सकाळचे दोन तास एक बाई, 40 ला दुसरी शेगडी. या यादीत एक काम असंही सापडलं जे सगळ्यात आधी करायचं होतं आणि कोणाच्या ध्यानात नव्हतं: विकायचे अन्नपदार्थ करायचे तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी लागते. छोट्या उद्योगाची उद्यम नोंदणीही करून घ्या. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी कोणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. कर्ज किंवा योजनेची माहिती हवी असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः जा, ऐकीव माहितीवर राहू नका.

मोठं अंतर तुकड्यांत मोजायची ही पद्धत खेळाडूंना अंगवळणी पडलेली असते. आपल्या त्र्यंबक तालुक्यातल्या सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊतने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. ट्रॅकवर ते अंतर म्हणजे 400 मीटरच्या 25 फेऱ्या. मी हे मुलांना सांगते तेव्हा त्यांना कागदावर 25 गोल काढायला लावते आणि विचारते, तुझा आज कितवा?

पाचवी पायरी: लागणारा वेळ तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जास्त धरा

डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली या चुकीला नाव दिलं: आपण स्वतःच्या कामाला लागणारा वेळ कायम कमी धरतो. 1994 च्या एका प्रसिद्ध अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध कधी पूर्ण होईल ते विचारलं होतं. त्यांचा सरासरी अंदाज होता सुमारे 34 दिवस, प्रत्यक्षात लागले 55 च्या वर. दीडपटीपेक्षा जास्त. माझ्या गृहपाठांचंही तंतोतंत तसंच झालं होतं.

उपाय सोपा आहे. मनात येईल त्या अंदाजाला दीडने गुणा. आणि आपल्या गावचं कॅलेंडर त्यावर ठेवून बघा: श्रावणातले उपवास, गणपतीचे दहा दिवस, लग्नसराई, परीक्षांचे दिवस, दिवाळीत कंपन्या बंद असतात ते दिवस. ताईंनी कालनिर्णयवर पेन्सिलने असे दिवस काळे केले तेव्हा दिवाळीच्या त्या आठवड्यात डबे शून्य होणार हे त्यांना जूनमध्येच दिसलं. त्या आठवड्यासाठी फराळाच्या ऑर्डर घ्यायची कल्पना तिथेच, त्या काळ्या चौकोनांकडे बघता बघता सुचली.

सहावी पायरी: वेळ कुठे आहे ते शोधा, मग काम एखाद्या खुंटीला बांधा

एक आठवडा दर अर्ध्या तासाला काय केलं ते लिहा. खोटं लिहू नका, ही वही कोणी तपासणार नाही. मी माझ्या आराखड्यात रोज दोन तास अभ्यास लिहिला होता. आठवड्याच्या नोंदीत माझ्या हक्काचे दोन तास कुठेच सापडले नाहीत. सापडली ती 50 मिनिटं: पहाटे पाणी आलं की मी पंप चालू करायचे आणि गच्चीवरची टाकी भरेपर्यंत जागीच असायचे. पंपाची घरघर, भांडी पालथी, सगळे झोपलेले. तोपर्यंत मी तो वेळ ओट्याशी उभं राहून घालवत होते. तिथून पुढे पुस्तक पंपाच्या बटणाखालच्या फळीवर ठेवलं. बटण दाबलं की पुस्तक उघडायचं, टाकी भरून पाणी वाहिल्याचा आवाज आला की मिटायचं. तीन वर्षांची पदवी मुख्यतः त्या घरघरीत झाली. अजूनही कुठे पंप सुरू झाल्याचा आवाज आला की मला अर्थशास्त्राची पानं आठवतात.

हे मी आपसूक केलं होतं. यामागे चांगलं संशोधन आहे हे नंतर वाचनात आलं. पीटर गोलवित्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की "मी अभ्यास करीन" यापेक्षा "अमुक झालं की मी अमुक करीन" असं आधी बांधून ठेवलेलं काम पार पडण्याची शक्यता बरीच जास्त असते. तेव्हा तुमची खुंटी शोधा, म्हणजे रोज घडणारी अशी गोष्ट जिला काम बांधता येईल. दुकानाचं शटर लावलं की गल्ल्याचा हिशोब. मुलाला शाळेच्या रिक्षात बसवलं की वीस मिनिटं टायपिंग. नाशकातल्या द्वारका चौकाच्या सिग्नलला गाडी अडकते तो वेळ मात्र खुंटी धरू नका, तो कोणाच्याच हातात नसतो.

एखादा दिवस चुकतो. चुकू द्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या सवयींचा अभ्यास केला. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतात असं त्यातून निघालं, माणसागणिक 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत फरक होता, आणि अधूनमधून एखादा दिवस चुकल्याने फार बिघडलं नाही. तेव्हा लोक म्हणतात तसं 21 दिवसांत आयुष्य बदललं नाही म्हणून वही फेकू नका.

सातवी पायरी: पैसे मागण्याआधी लहान नमुना दाखवा

याबाबतीत आपल्या जिल्ह्यातला एक माणूस मला गुरुस्थानी आहे. दादासाहेब फाळके, जन्म 1870, त्र्यंबकेश्वरचा. पूर्ण लांबीचा कथाचित्रपट करायचं स्वप्न घेतलं तेव्हा या देशात तसं काही झालेलं नव्हतं. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून 1912 च्या सुरुवातीला ते लंडनला गेले, तंत्र शिकले, कॅमेरा मागवला. पण पूर्ण चित्रपटासाठी पैसा लावायला कोणी तयार नव्हतं. तेव्हा त्यांनी समजावत बसण्यापेक्षा एका कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडंथोडं चित्रण करत राहिले. महिन्याभराहून अधिक काळ. पडद्यावर त्या दाण्याला कोंब फुटून वेल वर चढताना मिनिटभरात दिसायची. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांना त्यांनी हे दाखवलं. मे 1913 मध्ये त्यांचा पहिला चित्रपट लोकांसमोर आला, आणि त्याच वर्षी ते आपला कारभार नाशकात घेऊन आले.

फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, कच्च्या फिल्मला भोकं पाडण्यापासून सगळ्या चमूचा स्वयंपाक करण्यापर्यंत कामं केली. त्यांचं नाव घेतल्याशिवाय ही गोष्ट सांगू नये असं मला मनापासून वाटतं.

तुमचा वाटाणा कोणता? क्लास काढायचा असेल तर आधी चार मुलांना महिनाभर घरी शिकवा. बुटीक काढायचं असेल तर भाड्याचा गाळा बघण्याआधी दहा ब्लाउज शिवून पैसे घेऊन द्या. पैसे घेऊनच, कारण फुकटात सगळेच छान म्हणतात. एफडी मोडणं, सोनं गहाण ठेवणं, नोकरीचा राजीनामा, हे सगळं नमुना चालल्यानंतरचं. आणि फाळक्यांनी मोठी जोखीम घेतली म्हणून आपणही घ्यावी असं मी कोणाला सांगत नाही. घरात सहा महिन्यांचा खर्च बाजूला नसेल तर नोकरी सोडू नका.

आठवी पायरी: घरच्यांकडे नेमकं मागा

"मला सपोर्ट करा" यातून कोणालाच काही कळत नाही. सासूबाईंना मी म्हटलं होतं, "आई, परीक्षेच्या आधीचे वीस दिवस संध्याकाळचा कुकर तुम्ही लावाल का?" त्या म्हणाल्या, "एवढंच ना? लावते की." त्याआधीची दोन वर्षं मी मनातल्या मनात त्यांच्यावर रुसलेली होते, आणि त्यांना माझ्या मनात काय चाललंय याचा पत्ता नव्हता. काय, किती वाजता, किती दिवस, हे सांगून मागा. नकार आला तर तोही लवकर कळतो आणि दुसरी सोय करता येते.

नववी पायरी: महिन्यातून एकदा वही उघडून बसा

पहिला रविवार, पाऊण तास, हातात चहा. तीन रकाने: ठरवलं काय, झालं काय, का. तिसरा रकाना खरा. तिथे "आळस" लिहिलंत तर तो खोडा आणि पुन्हा विचार करा, बहुतेकदा खाली दुसरंच कारण निघतं: काम फार मोठं धरलं होतं, कोणाला विचारायचं ते माहीत नव्हतं, किंवा भीती वाटत होती.

मग तीनपैकी एक निर्णय घ्या: आहे तसं चालू, तारीख पुढे, किंवा आकडा खाली. चौथाही निर्णय असतो, थांबण्याचा. तो कधी घ्यायचा हे सुरुवातीलाच, डोकं शांत असताना लिहून ठेवा. ताईंनी लिहिलं होतं, "दसऱ्यापर्यंत 12 डबेही झाले नाहीत तर बंद करून बचत गटाच्या मसाल्याच्या कामात जाईन." स्पर्धा परीक्षेच्या मुलांना तर मी हे लिहिल्याशिवाय उठू देत नाही. किती प्रयत्न, कोणत्या वयापर्यंत, आणि त्यानंतरचा रस्ता कोणता. आईवडिलांसमोर लिहा. अनेक घरांत या एका ओळीने वर्षानुवर्षांचा ताण उतरलेला मी पाहिला आहे.

पहिल्या रविवारी एवढं सगळं होत नाही. पहिल्या तीन पायऱ्या झाल्या तरी पुष्कळ, बाकीच्या पुढच्या रविवारी. येताना वही, पेन्सिल, खोडरबर आणि घरातलं कॅलेंडर घेऊन बसा. पेन्सिलच घ्या, तारखा हलणार आहेत.

ताईंच्या वहीतल्या तारखाही हलल्या. दसऱ्याला 22 च्या जागी 19 डबे होते, 22 कोजागिरीनंतर झाले, आणि त्या महिन्याचा हप्ता पहिल्यांदा डब्यांच्या पैशांतून गेला. परवाच्या रविवारी आकडा 41 होता. 60 ची तारीख त्यांनी संक्रांतीवरून गुढीपाडव्यावर नेली आहे. तिसऱ्या रकान्यात कारण लिहिलंय: "दुसरी शेगडी आली. पोळ्यांना बाई अजून मिळाली नाही. सिडकोत विचारायचं, मंगळवारी."